चाबी

नवतप्याचा तिसरा दिवस, सकाळचे साडेदहा.
मानेवाड्यात, दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये
मी कूलरच्या टाकीत बादली उपडी करत होते
आणि कूलरनंच, माझ्या हातचं पाणी पिऊन,
आतून दार ढकललं.
टक्.

आत मोबाइल चार्जिंगला,
चष्मा फ्रिजवर, चपला उंबऱ्याशी,
चाबी तिच्या खुंटीवर, शहाण्या मुलीसारखी,
आणि गॅसवर वरणाचा कुकर.
बाहेर मी, गाऊन, रिकामी बादली.

बंद झालेलं दार माणूस पुन्हा पुन्हा का ढकलून बघतो?
मीही बघितलं. खांद्यानं. मग बादलीनं.
मग हाक मारली, घरात कुणी नसताना.
कुकरनं ओ दिली. पहिली शिट्टी.

समोरचं दार लांजेवारबाईंचं.
दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
कारण सांगायला लाज वाटावी इतकं लहान:
पॅसेजमध्ये ऊन येतं तेवढ्या चौकोनात
त्यांच्या कुरोड्या वाळत होत्या,
आणि ह्याच कूलरची टाकी गळत होती.
बाकीचं तोंडानं झालं.

फरशी तव्यासारखी. एक पाय दुसऱ्यावर ठेवत,
नाचतच पोचले त्यांच्या बेलपर्यंत.
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"काऊन व, अटकली काय?"
मी काही म्हणायच्या आत
आतून घेऊन आल्या एक चाबी,
लाल लोकरीचा गोंडा असलेली.
गोंडा माझ्या सासूबाईंच्या हातचा.
"म्हातारीनं देऊन ठेवली होती न.
देव्हाऱ्याच्या खिळ्यालेच आहे तवापासून."

चौथी शिट्टी.

हे लिहायला सोपं नाही.
भांडण झालं त्याच आठवड्यात
मी कुलूप बदललं होतं.
कुठं चोरी झाली नव्हती.
फक्त आठवलं होतं, की त्यांच्याकडे एक चाबी आहे.
साडेनऊशे रुपये, मजुरी वेगळी.

त्यांनी चाबी घातली. अर्धी गेली.
"जंग लागला असंन," म्हणाल्या,
खोबरेल तेलाची बाटली आणली,
आणि पदरानं चाबीचे दात पुसले, एकेक,
लेकराचं तोंड पुसावं तसे.
मी उभी. पायात त्यांच्याच चपला.
कधी दिल्या, आठवत नाही.
बोलायला तोंड उघडलं
आणि म्हटलं, "थोडं तेल अजून टाका."

शिट्ट्या थांबल्या.
मग वरण लागल्याचा वास आला दाराखालून.
वासाला चाबी लागत नाही.

शेवटी शब्बीर आला, त्यांच्याच फोनवरून,
चौकात छत्रीखाली किल्ल्यांचे झुबके घेऊन बसतो तो.
त्यानं पिशवीतून एक्स-रेची जुनी फिल्म काढली,
कुणाच्या तरी छातीची, फासळ्या दिसत होत्या,
फटीत सरकवली, खाली ओढली.
साडेनऊशेचं कुलूप. मोजून दहा सेकंद.
"बाई, ताला पूछ के बंद होता.
ये लॅच है, इसको हवा बी बस है."
मी गॅसकडे धावले.
मागून त्याचा आवाज आला, अगदी सहज,
"और अम्मा, ये चाबी तो इस ताले की हैच नहीं."

परत आले तेव्हा
लांजेवारबाई बाटलीचं झाकण लावत होत्या.
फार वेळ लावत होत्या.

आता दाराला लाकडी पाचर आहे, सुतळीनं बांधलेली.
बाहेर पाऊल टाकण्याआधी ती सरकवते,
आणि कुकर बंद केल्याशिवाय पाण्याला जात नाही.
तीन चाब्या करून घेतल्या.
एक बहिणीकडे प्रतापनगरला, एक शाळेच्या कपाटात.
तिसरी घेऊन संध्याकाळी समोर गेले,
चपला परत करायचं निमित्त करून.

त्यांनी ती त्याच लाल गोंड्यात ओवली.
जुनी काढली नाही.
खिळ्याला अडकवता अडकवता थांबल्या.
"हे तरी लागते न व?"

लागते, म्हटलं. लावून पाहा.
त्या आल्या.
लावून पाहिली.
दोनदा.