तुडूम

तीन पहाटा, तीन बाटल्या.
तिन्हींवर माझंच अक्षर: बेबीनंदा वाढई, सिंदेवाही.
पू भरपूर. पण पेरून पाहावं
तर ताटलीत काही उगवत नाही.
अशी नापीक लघवी आली
की मी चाळणी टाकून उठतो, डॉक्टरीणबाईंना हाक मारतो.

बापाचं नाव विचारलं. उरकुडा.
छप्पन साली नागपुरात त्याची डावी किडनी काढली,
कुशीवर विळ्याएवढा व्रण.
तीन महिने सुया. सुयांनी एक कान नेला.
म्हणायचा म्हणे, त्या बाजूला बायकोला निजवतो.

तेव्हा हा आजार समोरून यायचा,
रक्त घेऊन, बैलगाडीत आडवा.

बेबीनंदाकडे आला तो चवड्यावर चालत.
दरवेळी जळजळ, दरवेळी चौकातल्या दवाखान्याची
पाच दिवसांची पट्टी.
त्या गोळीनं तो मरायचा नाही,
नुसता दबायचा,
धानाच्या बांधीत खेकडा दबतो तसा.
आठ वर्षं.

मग खरं औषध. दुसऱ्याच सकाळी ती धावत आली:
"देवाले लावाचा शेंदूर
माह्यातून कसा निंगाला जी?"
गोळीचा रंग आहे, म्हटलं. घाबरू नको.
तरी तिनं नारळ फोडलाच.

सहा महिने झाले. जंतू मेले.
मी स्वतः पाहिलं, निळ्या काचेवर
एकही लाल काडी नाही.

आणि किडनी फुगत चालली.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवला.
जखम भरते, बाई, तेव्हा आकसते.
ही नळी बरी झाली,
बरी होता होता मिटली.

बेबीनंदा तलावाच्या पाळीवर वाढलेली.
"म्हंजे तुडूम बुजलं," ती म्हणाली.
"पाणी चांगलं हाय. जायाले वाट नाई."

बारीक नळी घालू, कापायचं नाही आता.
डीजे म्हणतात तिला.
"माह्या पोटात डीजे? लगन कोनाचं जी?"
बाई हसल्या. मी हसलो.
ती हसली नाही, बापाचा व्रण असायचा
तिथे पदराआडून हात फिरवत राहिली.

रजिस्टरात रकाने छापलेले:
बरा झाला. मरण पावला. औषध सोडलं.
पहिल्यात टिकमार्क केला.
बरं होण्यानं जे झालं, त्याला रकाना नाही.
समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं,
तपासणीला येणाऱ्या साहेबाला कळो न कळो:
तुडूम.