विरजण

कुताइसीत, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
त्सिआलाची कादंबरी एकेचाळिसाव्या पानावर अडलेली.
नायक सहा महिने पुलावर ताटकळतोय,
उडी मारत नाही, घरीही जात नाही.

तळमजल्यावरचा ओतिआ, छापखान्यात खिळे जुळवून म्हातारा झालेला,
कधी विचारत नाही, किती लिहिलंस.
विचारतो, आज काय वाचलंस?
ती गप्प.
त्यानं मात्सोनी दह्याची वाटी पुढे सरकवली:
कालचं चमचाभर नसेल
तर दूध नुसतंच नासतं, पोरी.

तेव्हापासून रोज, दिवे जायच्या आत, दहा पानं.
काल हाती आलेल्या पुस्तकाचा शेवट
उंदरांनी नेलेला.
चिडली, खोलीत चार येरझारा घातल्या,
मग पेन्सिल शोधू लागली.

पुलावरचा माणूस
खोकला.