खेपा

दाराच्या मागे अजून आहेत त्या खडूच्या रेघा.
पिसुर्लेच्या खाणीपासून आमोणेच्या धक्क्यापर्यंत
दिवसाच्या सहा, कधी सात,
लाल धुळीत भर दुपारी दिवे लावून मारलेल्या खेपा.
तो हातपाय धुवायचा, मी रेघा ओढायची.

खाण बंद पडली. ट्रक आवारात गंजला.
कंबर मात्र चालूच राहिली
त्याच खड्ड्यांतून.

साखळीच्या दवाखान्यात फ्लाविया बाई,
काडीसारखी पोर.
नाव?
विश्राम.
ती हसली. "तेवढा सोडून बाकी सगळं करायचं."

त्याला गोळी हवी होती, इंजेक्शनही चाललं असतं.
तिनं दिला एक कागद, वर काड्यांची माणसं:
एक गुडघे पोटाशी धरून,
एक रांगताना पाठ फुगवून,
एक पूल झालेलं.
परतताना बसमध्ये म्हणाला,
अठ्ठावीस वर्षं दहा टन ओढले मी,
आता ही मला पाय उचलायला शिकवणार.

पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं.
कागद चुलीत जायचा, मी काढून घेतला.
बाई फोनवर म्हणाली, दहा नको तर चार करा,
पण करा.
चार केले.

आता पाच वाजता चटई पडते.
मी पेडवे साफ करते, हातांना खवलं,
तोंडानं मोजते.
श्वास धरू नको रे.
धरलाय कुठं?
मग बोल काहीतरी.
काय बोलू?
कंबर वर जाते, थरथरते,
आणि खालून आमची मांजर निघते
माशांच्या वासावर, शेपूट ताठ,
मांडवीतून भरलेली बार्ज जावी
तशी, कुणाची घाई नसलेली.
तो हसतो. पूल कोसळतो.
हा धरायचा नाही, म्हणतो.
धरला, म्हणते मी, आणि ओल्या हातानं रेघ मारते
जुन्या रेघांच्या खाली.

दुखणं गेलं असं नाही.
ढगाळ दिवशी येतं, उंबऱ्यावर टेकतं
जुन्या क्लीनरसारखं,
काम मागत नाही, नुसतं बसून राहतं,
कधी उठून गेलं ते कळत नाही.

पण काल आदोळीवर खोवताना
माझ्या हातून नारळाची वाटी निसटली,
घरंगळत खाटेखाली गेली.
मी उठेपर्यंत तो गुडघ्यावर होता,
गाल जमिनीला, हात आत, खांद्यापर्यंत.
वाटी माझ्यापुढे ठेवली, धूळ फुंकून.
मी खोवत राहिले.
ओठ चावून, कारण बोलले असते
तर त्याला कंबर आठवली असती.

रात्री कडी घालताना दिसलं,
आजच्या रेघांत एक जास्त आहे.
माझ्या हातची नाही, वाकडी.
खाणीवर असतानाही
तो एखादी खेप अशीच चढवायचा.
केलीही असेल.
पुसली नाही मी.