चार शतांश

लेथ आली आणि स्कूटर बाहेर गेली.
पाथर्डी फाट्यावरच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये
दोघी मावत नव्हत्या.
सातपूरच्या बंद झालेल्या गाळ्यातून,
भंगाराच्या भावावर थोडे टाकून घेतली.
क्रेन हलली तेव्हा युनूस मणियारांनी
चकवर हात ठेवला,
आणि पोळल्यासारखा काढून खिशात घातला.

मी सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये.
दुसऱ्यांनी कातलेलं मोजायचं,
नापासावर लाल खडूने फुली मारायची.
कातणं मात्र हाताला कधी आलं नाही.
म्हणून रिटायर झाल्यावर हे असं.

आठ दिवस रॉकेलने धुतली.
तेलाच्या थराखाली हिरवा रंग निघाला,
हिरव्याखाली राखाडी.
पायांखालून गुटख्याची पुडी, सेफ्टी पिन,
गंजके तुकडे,
सगळं सुपलीत भरून घंटागाडीला दिलं.

पहिला जॉब, पिंपळगावच्या भावाच्या
फवारणी पंपाची पिन.
चकजवळ वीस. बरोब्बर वीस.
टोकाला वीस आणि वर चार शतांश.
दुसरी घेतली. पुन्हा चार.
स्वतःच्या जॉबवर फुली मारताना
हात जरा अडखळला.

टेलस्टॉक सरकवला. मग काढूनच ठेवला.
चार.
पहारीने स्पिंडल उचलून पाहिलं,
डायलचा काटा केसभर हलला; केसभर चालतो.
गिब आवळली, बेल्ट सैल केला, टूल नव्याने घासलं.
आता चार होतेच, वर चॅटरही:
पिनेवर लाटा,
गोदेच्या उथळ पाण्याखाली वाळूवर दिसतात तशा.
भिंतीपलीकडून खैरनार काकू म्हणाल्या,
"दुपारी तीनला तरी झोपू द्या हो त्या मशीनला."

कीस निळा, गरम, वेटोळं घालत पडायचा.
सापाची कात आणि लेथवरचं कातणं
एकाच घरातले शब्द असतील का?
विचारायला कुणी नव्हतं.
मी कीस झाडला, बोट कापून घेतलं.

अकराव्या संध्याकाळी फोन केला.
"ताई, मागच्या पायाखाली पत्रा होता,
तेलाच्या डब्याचा. आहे ना?"
मी घंटागाडीचं नाव घेतलं नाही.
"पडला असेल कुठे," म्हटलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग खोकला, मग हसू.
"असता तरी काय उपयोग?
तो माझ्या गाळ्याच्या जमिनीचा होता.
तुमची जमीन तुम्ही बघा."

रात्री पाणसळ बेडवर आडवी ठेवली,
एकदा चकपाशी, एकदा टोकाला.
इथे बुडबुडा मधोमध,
तिथे किंचित सरकलेला, नालीकडे.
पार्किंग धुतलं की पाणी बाहेर जावं म्हणून
गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून
मीच काढून घेतलेला उतार.
पाऊण टन बीड
त्या उतारावर चार पाय टेकून
आतल्या आत पिळत होतं,
आणि मी बेअरिंगला बोल लावत होते.

पत्रा हवा होता. घरात सगळे डबे प्लॅस्टिकचे.
शेवटी निरोप समारंभातल्या मानचिन्हाची
पितळी पाटी सोडवली.
कात्री चालवताना नावातलं 'श्रीमती' तुटलं,
तेवढंच पायाखाली गेलं.
बोल्ट पाव फेरा. कात. मोज.
तीन.
पाव फेरा. अडीच.
मग जास्त आवळला आणि उलट्या बाजूने दोन,
तेव्हा रडू आलं, खोटं कशाला बोलू.
पहाटे गंगापूर रोडकडचा दूधवाला गेला तेव्हा
दीडवर येऊन थांबलं.

ड्रॉइंगमध्ये दोन चालतात.
खडू हातात घेतला, परत ठेवला.

युनूसभाई रविवारी येतायत.
पिन बघायला नाही, म्हणाले, फरशी बघायला.
पत्ता विचारला.
मी म्हटलं, कोपऱ्यावरून तिसरं,
ज्याच्या दारात स्कूटर उन्हात उभी असते ते.