गॅसचे आठ पौंड

डंडीत टे नदीवरून येणारा वारा
आधी कोटाची बटणं मोजतो.
एफी गिलफेदरच्या कोटाला दोन कमी.
मंगळवार. दार उघडायला पाच मिनिटं आहेत,
ती पायरीवर, कागद छातीशी धरून.
मी आतून बघते. किल्ली माझ्या हातात,
पण वेळ घड्याळाच्या हातात.

काचेखालच्या फटीतून कागद आत येतो.
तिचा हात थरथरतो. तीस वर्षांपूर्वी हाच हात
घड्याळांच्या कारखान्यात केसाएवढी स्प्रिंग बसवायचा.
हे ती सांगत नाही. मला आईकडून ठाऊक,
दोघी एकाच बाकावर होत्या.

"बघ पोरी, गॅसवाल्यांनी आठ पौंड मागितले.
खात्यात सहा होते. तुम्ही दिले नाहीत.
न दिल्याचे पस्तीस घेतलेत."
थांबते.
"न दिल्याचे."

मी स्क्रीनकडे बघते. स्क्रीनचं बरोबर आहे,
स्क्रीनचं कधी चुकत नाही.
जमा : अपंगत्व भत्ता, रात्री बारा वाजून एक मिनिट.
वजा : शुल्क, बारा वाजून दोन.
एक मिनिटभर ते सगळे पैसे तिचे होते.
तेव्हा ती झोपली होती.

"घरमालक आला तर त्याला यातलं नाणं उचलता येत नाही,
सावकाराला येत नाही.
मग तुम्हाला कसं येतं?"

प्रशिक्षणात शिकवलं तसं मी म्हणते,
खात्यात पडले की पैसे नुसते पैसे असतात,
कुठून आले ते त्यांच्यावर लिहिलेलं नसतं.

"लिहिलेलं असतं," ती म्हणते.
"यांच्यावर माझा गुडघा लिहिलाय.
आणि ती खोली, जिथे म्हणाले, चालून दाखवा,
आणि मी दाखवलं,
तर म्हणाले, येतं की चालता."

मागे रांग. कुणीतरी खोकतं. खरा खोकला नव्हे.

मग ती दुसरा कागद काढते.
ग्रंथालयात गुरुवारी एक निवृत्त टपालमास्तर बसतो, रेटी नावाचा,
त्याने शब्द दिले, अक्षर तिचं :
*माझा भत्ता आधी अन्नासाठी. मग विजेसाठी. मग भाड्यासाठी.
बँकेचं देणं रांगेत शेवटी उभं राहील.*

सही करायला आमचं पेन घेते.
साखळी पुरत नाही.
पर्समधून स्वतःचं काढते,
सही करते, सावकाश, एखादं काम करावं तशी.
"शिक्का मार."
माझ्याकडे 'मिळाले' असा शिक्का आहे.
'मान्य' असा नाही.
मी दोनदा मारते, एक प्रत तिची.

मॅनेजर काचेच्या खोलीतून येतात, मान हलवतात,
कागद वाचताना ओठ हलवतात.
ठीक आहे, म्हणतात, एकवेळ, सद्भावना म्हणून.
फॉर्मवर तशी चौकट आहे, चौथी.
शुल्क कळवणाऱ्या पत्राचे बारा पौंड मात्र राहतील,
ते वेगळं खातं, म्हणतात, तिकडे त्यांचं चालत नाही.

"सद्भावना नको. चूक झाली असं लिहा."
चुकीची चौकट नाही.

ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली.
पस्तीस पौंड म्हणजे किती पाव, किती दूध,
मीटरमध्ये किती संध्याकाळी,
हा हिशेब तिला तोंडपाठ असणार, मला नव्हता.
मग तिने 'सद्भावना'वर रेघ मारली,
वर लिहिलं : 'परत',
आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी तसाच यंत्रात घातला.
यंत्राने घेतला. मानला की नाही
ते कळायला तीन दिवस लागतात.

ती गेल्यावर दिसलं, पेन राहिलंय.
निळं, टोपण चावलेलं, साखळी नसलेलं.
दारापर्यंत धावले, पण ती कोपऱ्यावरून वळलेली,
आणि रांगेतल्या माणसाने बिल पुढे केलं होतं.

पेन माझ्या खणात आहे.
ती पुन्हा येईल पुढच्या भत्त्याला, दोन आठवड्यांनी.
तोवर सांभाळतेय.
त्याचं काही शुल्क नाही.