हातचा

फेब्रुवारीत हाप्सालूचा समुद्र गोठलेला असतो
आणि आमच्या नोंदणीची मुदत संपत आलेली असते.
अठ्ठेचाळीस तास झाले होते माझे. साठ लागतात.
म्हणून शनिवारी काचेवरचा बर्फ खरवडून
मी गाडी काढली,
सव्वीस वर्षं जे शिकवतेय
ते आठ तास शिकायला.

प्रशिक्षक तार्तूची. पिरेत. वयानं माझ्या मुलीएवढी.
तिनं प्रत्येकीचा चालता हात
रुंद पट्टीनं पाठीशी बांधला
आणि म्हणाली, आता नाश्ता करा.
टेबलावर काळा पाव, घट्ट लोणी, एकेक उकडलेलं अंडं;
आणि खुर्चीवर एक पुरुषी शर्ट, सात बटणांचा.

डाव्या हाताचा खेळ म्हणतात.
म्हणणाऱ्याचा उजवा मोकळा असणार.
पाव ताटलीत गोल गोल सरकत राहिला
सुरीला भ्यायल्यासारखा.
अंडं मी छातीवर आपटून फोडलं.
काइरेनं दातांनी बाटलीचं झाकण काढलं, हसली,
मग हसायची थांबली.

तिसऱ्या बटणाशी मला घाम फुटला.
पिरेत समोर उभी. तिच्या हातात घड्याळ नव्हतं,
तरी ते मला ऐकू येत होतं.
"सावकाश," ती म्हणाली,
थेट माझ्याच सुरात.

हेइनो वाहेर.
मुहू बेटावरचे, उभा जन्म जाळी सांधण्यात गेलेला.
झटक्यानंतर सहाव्या आठवड्यात
अकरा मिनिटं चौथ्या बटणाशी झगडत होते,
जीभ दातांत धरून.
बटण काजात अर्धं शिरलं होतं.
नऊ चाळीसला पुढचा पेशंट होता.
मी हात पुढे केला, लावून टाकलं.
"आभारी आहे," म्हणाले, खिडकीकडे बघत.
फाइलीत मी लिहिलं:
शर्ट घालतात, किंचित मदतीनं.

किंचित.

संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं,
नावात एक अक्षर चुकलेलं.
गाडीत बसून बेरीज केली:
आठ नि आठ सोळा, सहा खाली, हातचा एक.
छप्पन्न. अजून चार हवेत.
मार्चमध्ये पार्नूला अर्ध्या दिवसाचं काहीतरी आहे,
स्प्लिंटबद्दल.

सोमवारी श्रीमती ओउनापू आल्या.
पूर्वी पोस्टात होत्या, शिक्के मारायच्या.
लोकरी जाकिटाची बटणं चांगली मोठी,
तरी बोटांतून निसटत होती.
नऊ वीस. नऊ पस्तीस.
बाहेर कुणीतरी बूट आपटून बर्फ झाडत होतं.
माझे दोन्ही हात आपोआप उठायला लागले
तशी मी ते मांड्यांखाली सारले
आणि त्यांच्यावर बसले.

त्यांनी मान वर केली.
"थंडी वाजतेय का तुम्हाला?"
"हो," म्हटलं. "तुमचं चालू द्या."