दोन विती, चार बोटं

चर्चच्या हॉलमध्ये फरशीवर निळी चिकटपट्टी, चार मीटर.
"इथून तिथवर चाला, मिस्टर दाबके. रोज चालता तसं."
ग्लेनिसच्या हातात स्टॉपवॉच.
रोज चालतो तसं कुणी चालतं का,
कुणी बघत असताना?

हे चालले छाती काढून,
सत्तेचाळीस वर्षांपूर्वी किथलीच्या स्टेशनात
माझी ट्रंक उचलून पुढे निघाले होते तसे,
आणि मी मागून,
चपलेत लोकरी मोजे, निऱ्या मुठीत,
ह्यांच्या एका ढांगेला माझी दोन पावलं.

ग्लेनिसने काहीतरी लिहिलं, पेन टकटक केलं.
म्हणाली, माझ्याकडे येतात त्यांच्यात बघते मी,
बायकांचं पाऊल आखूड होतं पण भराभर पडतं.
पुरुष नुसतेच हळू होत जातात.
मी म्हटलं, बाई गं,
आम्ही पहिल्यापासून भराभरच.

रात्री बर्फ पडलं.
मंगळवार, कचऱ्याचा दिवस.
हे मला न उठवता बिन ओढत कोपऱ्यापर्यंत गेले,
परत येऊन चहा टाकला,
आणि कुणी न विचारताच म्हणाले, "ठणठणीत आहे मी."

मी मागच्या दाराने बाहेर.
गल्लीभर कोरं,
आणि त्यावर ह्यांचं चालणं, खाडाखोड न करता.
टाच आधी टेकतच नाही,
सबंध तळवा, भाकरी थापल्यासारखा.
डावा पाय उचललेलाच नाही,
ठशापासून ठशापर्यंत रेघ,
मोडी लिहावी तशी, लेखणी न उचलता.
चाकांच्या रेषा मात्र नाकासमोर.
ओलरनशॉचं कुत्रंही गेलंय तिथूनच, तिरपं, बेफिकीर.

दिव्याच्या खांबापाशी दोन्ही ठसे जोडीने,
इतके खोल की खालचं डांबर दिसतंय.
किती वेळ उभे होते?
खांबावरच्या बर्फात पाच बोटं.

वाकून वीत लावली.
दोन विती, चार बोटं.
पुन्हा लावली. तेवढंच.

मग ह्यांच्या ठशात पाय ठेवला.
नऊ नंबराचा बूट, माझा पाच,
सगळीकडून जागा उरली.
पण पुढचं पाऊल आपसूक पुढच्या ठशात पडलं.
त्याच्या पुढचंही.
धावावं लागलं नाही.
इतकी वर्षं ज्यांना गाठायला पळत होते
ते आत बिस्किटाचा डबा शोधत होते,
आणि मी इथे त्यांना गाठलं होतं.

खांबापर्यंत गेले, परतले.
हे स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे, काचेवर वाफ.
"काय बघत होतीस?"
"बिन नीट लावलंय का ते."
"उजवा पाय बाहेर टाकतेस तू हल्ली," हे म्हणाले,
आणि कप माझ्याकडे सरकवला.

गुरुवारी परत चार मीटर.
चर्चपर्यंत चढण आहे.
मी मागूनच चालेन, नेहमीसारखी,
फक्त आता
थांबत थांबत.